तीन म्हाताऱ्यांचं एकमत

मर्ल आत्याचा फोन आला तेव्हा माझा अर्धा जबडा माझा राहिला नव्हता. डॉक्टर यीपनी इंजेक्शन दिलं होतं आणि "बसा दहा मिनिटं, बधिर होऊ दे" असं सांगून ते शेजारच्या खोलीत दुसऱ्या कुणाची दाढ बघायला गेले होते. छातीवर निळा कागदी रुमाल, समोर भिंतीवर समुद्राचं चित्र, आणि डाव्या ओठाच्या जागी नुसता एक जाड, परका गोळा. फोन उजव्या कानाला लावला. "डेन्झिल सुखरूप आहे गं," आत्या म्हणाली. "आत्ताच कळलं मला. म्हटलं, तुझा जीव टांगणीला लागला असेल, आधी तुला कळवावं." आणि मला खरंच बरं वाटलं. दहा मिनिटांपूर्वी माझ्या फोनवर अग्निशमनाच्या नियंत्रण कक्षातून तीच बातमी आली होती. आता दोन्हीकडून कळलं म्हणजे झालंच की, असं मनात आलं. मग, का कोण जाणे, मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं, आत्या?" "रोझलिननं," ती म्हणाली. रोझलिन म्हणजे डेन्झिलची बायको, माझी भावजय. आणि रोझलिनला मीच कळवलं होतं. इंजेक्शनच्या आधी, या खुर्चीत बसल्या बसल्या, दोन अंगठ्यांनी.

खुर्ची मागे कललेली होती म्हणून बरं, नाहीतर मी पडले असते. घाबरण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. माझाच मेसेज रोझलिनकडून आमच्या गावी, वॉलारूला, आत्याकडे गेला आणि तिथून बातमी होऊन माझ्याकडे परत आला, इतकंच. घरोघरी घडतं. पण मी तो ओळखला नाही. माझीच बातमी दाराशी येऊन उभी राहिली आणि मी तिला दुसरा साक्षीदार समजून पाट मांडला. मी, जिचा पंधरा वर्षांचा धंदाच हा आहे की कुणाचं ऐकलेलं कुणाकडून आलं ते निवडून वेगळं करायचं! मी आत्याला "नंतर बोलते" म्हटलं, फोनवर तो पहिला मेसेज पुन्हा काढला आणि वाचला. गाडी चौतीस. चौघेही ठीक. खात्री नव्व्याण्णव टक्के. आणि या वेळी माझी नजर 'ठीक'वर थांबली नाही, ती नव्व्याण्णववर थांबली. वणव्यात डेन्झिलची गाडी शिरली होती त्या घळीतून नव्व्याण्णव? सकाळी साडेअकरापासून त्या गाडीचा बोलायचा रेडिओ बंद पडला होता. धूर, वारा, दोन्ही बाजूंना खडे डोंगर. तिथून तर चांगल्या दिवशीही एवढी खात्री कधी येत नाही.

डेन्झिल इलेक्ट्रिशियन आहे. वर्षातले बहुतेक दिवस तो माउंट बार्करमध्ये लोकांचे पंखे आणि ओव्हन दुरुस्त करतो, आणि वणव्याच्या दिवसांत पगाराशिवाय पिवळा कोट चढवून अग्निशमनाच्या गाडीवर जातो. त्या गाड्यांत मी बनवलेली एक पेटी असते. तिला दोन बटणं. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे अडकलोय, या. पेटी तेवढंच एक अक्षर हवेत सोडत राहते, आणि तीन टेकड्यांवर तीन रिसीव्हर ते पकडायला बसलेले असतात. घळीतून निघालेला सिग्नल कुठल्याच टेकडीवर धड पोचत नाही. एकीला त्याचं शेपूट ऐकू येतं, दुसरीला मधलं काहीतरी, तिसरीला नुसती खरखर. म्हणून त्या एकमेकींना विचारतात. मला अमुक वाटतंय, एवढी एवढी खात्री आहे, तुला काय वाटतं? असं सेकंदाला कितीतरी वेळा विचारून विचारून शेवटी तिघी मिळून एका उत्तरावर येतात. मी हे पहिल्यांदा डेन्झिलला समजावलं तेव्हा तो हसत सुटला होता. "म्हणजे आपल्या वॉलारूच्या म्हाताऱ्याच की, ॲव्ह! एकीलाही धड ऐकू येत नाही, पण तिघी बाकावर बसल्या की गावातली बातमी बरोबर काढतात." त्यानंच त्यांना नावं दिली. मर्टल, हेझल, ऑलिव्ह. ती नावं मग ऑफिसातही चिकटली, नकाशावरही आली.

म्हाताऱ्यांना फक्त एकच नियम पाळावा लागतो. शेजारणीला आपलं मत सांगताना, तिनंच आपल्याला जे सांगितलं होतं ते आधी वजा करायचं. नाहीतर काय होतं, की मर्टलला वाटतं 'बहुतेक ठीक', ती ऑलिव्हला सांगते. ऑलिव्हनं स्वतः काहीच ऐकलेलं नसतं, पण ती मान डोलावते आणि मर्टललाच परत सांगते, 'ठीक वाटतंय.' मर्टल म्हणते, अगं बाई, हिलाही वाटतंय! आणि तिची खात्री वाढते. वाढलेली खात्री पुन्हा ऑलिव्हकडे, तिथून हेझलकडे, पुन्हा घरी. बघता बघता 'बहुतेक'चं 'नक्की' होतं, आणि ऐकलेलं मात्र कुणीच काही नसतं. पण वजा करायचं तर कुणी काय सांगितलं ते लक्षात ठेवावं लागतं. ऑलिव्हचा रिसीव्हर जुना होता, त्यात लक्षात ठेवायला जागा कमी. गेल्या हिवाळ्यात चाचणी झाली तेव्हा ती अडखळायची, हिरवा दिवा लागायला चाळीस सेकंद घ्यायची, आणि पाहायला आलेले साहेब लोक घड्याळाकडे बघायचे. तेव्हा मी काय केलं? ऑलिव्हपुरता तो नियम काढून टाकला. तात्पुरता. दिवा पाच सेकंदांत लागायला लागला, खात्रीचे आकडे असे सुरेख वर गेले की विचारू नका. कुणीतरी लॅमिंग्टनचे केक आणले, नारळाचा कीस सगळ्यांच्या शर्टांवर सांडला, टाळ्या झाल्या. मी एका पिवळ्या चिठ्ठीवर 'ऑलिव्ह, उन्हाळ्याआधी' असं लिहून कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कडेला चिकटवलं. ऑक्टोबरमध्ये, उन्हाळा तोंडावर असताना, आमची टेबलं हलवली. त्यानंतर ती चिठ्ठी पाहिल्याचं मला आठवेना. मी आठवायचा प्रयत्न केला, खुर्चीत डोळे मिटून, नव्या टेबलाची प्रत्येक कड. चिठ्ठी नव्हती.

खरं सांगायचं तर मला तेव्हाही माहीत होतं. आकडे चढत होते आणि माझ्या मनात पाल चुकचुकत होती, आणि मी तिला गप्प बसवलं. हे गप्प बसवणं मला फार लहानपणापासून येतं. नऊ वर्षांची होते. वॉलारूच्या धक्क्यावर मी एकटीच खेकड्यांना दोरी सोडत बसले होते आणि दुपारी अचानक वारा फिरला, पाणी शिशाच्या रंगाचं झालं. बाबा, गावासाठी जोरी, त्यांच्या बोटीवर एकटेच गेलेले. मी घरी पळाले तर आई दारातच उभी. "बाबांची बोट दिसली का गं किनाऱ्याच्या टोकापाशी?" मला एक पांढरं काहीतरी दिसलं होतं. बोट असेल, फेस असेल. आईचा चेहरा असा काही झाला होता की त्याच्याकडे बघून नाही म्हणवेना. मी म्हटलं, "हो, बहुतेक." आईनं ते 'बहुतेक' ऐकलं की नाही कोण जाणे. आई मर्ल आत्याला म्हणाली, आत्या खाटकाच्या बायकोला म्हणाली, तिनं धक्क्यावरच्या माणसाला सांगितलं. तासाभरानं तोच माणूस टोपी काढून आमच्या दारात आला. "काळजी करू नका. जोरी टोकाला वळसा घालून आत आलाय, आडोशाला थांबला असेल. गावात पुष्कळांनी पाहिलंय." आई हसली. तिनं पेस्टी, म्हणजे सारण भरलेल्या मोठ्या करंज्या, ओव्हनमध्ये टाकल्या, बाबांच्या पेस्टीवर त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर काढून. आणि मी? मला इतकं हायसं वाटलं! पुष्कळांनी पाहिलंय म्हणजे मला दिसली ती बोटच होती. मी ते पांढरं काहीतरी मनात पुन्हा पाहिलं आणि या वेळी त्याला शीडही होतं, पुढच्या बाजूला निळा पट्टाही होता. रात्रभर कुणी शोधायला गेलं नाही. बोट तिसऱ्या दिवशी सापडली, बाबा नाहीत. पहिल्यांदा कुणी पाहिलं, असं गावात कुणी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. डेन्झिल तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याला बाबांचा चेहरा फोटोतून माहीत आहे.

फोन माझ्या हातात होता आणि मी तो लावत नव्हते. ही गोष्ट लिहिताना लपवून काय करायचं? निदान दोन मिनिटं मी तो लावला नाही. समोरच्या चित्रातला समुद्र बघत बसले. मनात म्हणत होते, कशावरून? कदाचित ते ठीकच असतील. कदाचित चिठ्ठी पाहून मी कधीतरी नियम परत घातलाही असेल आणि विसरले असेन. आता फोन करून 'माझ्या यंत्रावर विश्वास ठेवू नका' म्हणायचं म्हणजे पंधरा वर्षांवर पाणी, आणि वर ते ठीक निघाले तर वेडी ठरायचं. भीती दोन्हीकडून होती आणि मला लाज वाटते ती याची, की पहिली दोन मिनिटं वेडी ठरायची भीती जास्त मोठी होती. तेवढ्यात मी गालावर हात ठेवला आणि गालाला तो कळला नाही. हाताला गाल लागत होता, गालाला हात लागत नव्हता. मी दचकून उठले. कागदी रुमालासकट बाहेर आले. डॉक्टर यीप मागून ओरडले, "अहो, दात तसाच आहे!" जिना उतरून फुटपाथवर आले तर उत्तरेच्या वाळवंटावरून येणारा वारा तोंडावर आला, भट्टीचं दार उघडावं तसा. त्रेचाळीस डिग्री. रस्त्याच्या टोकाला टेकड्यांच्या वर तपकिरी धूर उभा होता आणि सूर्य त्यात तांब्याच्या पैशासारखा दिसत होता. मी नियंत्रण कक्षात व्हुलाला फोन लावला. व्हुला मित्रू, त्या पाळीची प्रमुख. आमची दहा वर्षांची ओळख, ती मला तिच्या आईनं मुरवलेली ऑलिव्हची फळं डब्यातून आणून देते.

"व्हुला, चौतीस नंबरची गाडी," मी म्हटलं. माझ्या तोंडातून शब्द घसरत होते, लाळ गळत होती.

"ठीक आहे ती. हिरवी आहे. आणि तू काय प्यायली आहेस का गं भर दुपारी?"

"दाताचं इंजेक्शन. ऐक. पडद्यावर डावीकडे खाली एक रकाना आहे, 'स्वतः ऐकलेलं'. तो उघड. एकेकीचा आकडा वाच."

"ॲव्हरिल, इथे आग लागलीये, शब्दशः. मला रकाने वाचायला वेळ—"

"वाच!"

तिनं वाचला. तिच्या मागे चार रेडिओ एकदम बोलत होते. "मर्टल, त्रेपन्न. हेझल, पन्नास. ऑलिव्ह, पन्नास." तिनं विचारलं, "पन्नास म्हणजे काय?"

"म्हणजे काहीच ऐकलं नाही. नाणं उडवल्यासारखं."

"आणि त्रेपन्न?"

"म्हणजे नाणं किंचित वाकडं. पेटी नेहमी ठीकच म्हणते ना, म्हणून धड ऐकू नाही आलं तर मर्टलचा कल थोडा तिकडे असतो. तिला काहीतरी ऐकू आलंय, काय ते कळलेलं नाही. बाकीच्या दोघी तिचंच तिला परत सांगतायत. एकमेकींचं वजा करायचा नियम मी काढून टाकला होता. चूक माझी आहे. ते नव्व्याण्णव खोटं आहे, व्हुला."

मग व्हुला अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी त्यांच्यावरचं विमान काढून घेतलं. पाण्याचं. हिरवा दिवा लागला म्हणून काढलं आणि वृद्धाश्रमाकडे पाठवलं. तिथले शेवटचे लोक आत्ताच बाहेर निघतायत." आणि मग एकदम जोरात, "मग ते अडकलेत का? हो की नाही, एवढं सांग मला!"

आणि मला आई दिसली. दारात, ओल्या हातांनी, चेहरा तसाच. समोरचा माणूस असा उभा राहिला की त्याला हवं ते उत्तर द्यावंसं वाटतं, नाहीतर निदान कुठलंतरी पक्कं उत्तर. हो म्हटलं असतं तर विमान लगेच वळलं असतं. पण मला माहीत नव्हतं, आणि खोटं 'हो' माझ्या तोंडून एकदा निघून गेलेलं होतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही." बधिर ओठांतून ते नीट उमटलं नाही म्हणून पुन्हा म्हटलं. "मला माहीत नाही, व्हुला. कुणालाच माहीत नाही. जाऊन बघायला हवं."

"देवा," ती म्हणाली, आणि मग दुसऱ्या कुणाला तरी, फोनपासून तोंड वळवून, तिच्या कामाच्या आवाजात सूचना द्यायला लागली. वृद्धाश्रमाची शेवटची बस निघाली का. निघाली असेल तर विमान वळवा. घळीकडे. हो, परत घळीकडे.

पुढची अकरा मिनिटं मी त्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होते. समोरच्या कॉफीच्या दुकानात लोक गार पाणी पीत बसले होते. एक बाई कुत्र्याच्या पायात मोजे घालत होती, फरशी तापली म्हणून. मला वाटत होतं मी यांच्या आणि माझ्या मध्ये एक काच धरून बसले आहे आणि ती हातातून पडणार आहे. डेन्झिलबद्दल काही मोठं आठवावं तर आठवेना. आठवलं ते हे, की तो कप पालथे घालून ठेवतो, पाली जातात म्हणून, ज्या घरात पाल नाही तिथेही. आणि त्याच्या बोटांना कायम वायरच्या रबराचा वास येतो. गाडीत पाणी असतं, चादरी असतात, काचेवरचे पडदे असतात, आग वरून जात असताना चार जण जमिनीला टेकून पाच मिनिटं काढू शकतात. पाच. मी तो आकडा मनातून ढकलत होते आणि तो पुन्हा येऊन बसत होता. रोझलिनचा फोन आला. घ्यायला नको होता, घेतला.

"ॲव्हरिल, रेडिओवर सांगतायत की विमान पुन्हा घळीकडे वळवलंय. का? तो तर ठीक आहे ना? तूच लिहिलंस ना?"

"मी लिहिलं ते बरोबर नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही तो कसा आहे. कुणालाच नाही. बघायला गेलेत."

"पण मर्ल आत्या म्हणाल्या! आत्ताच म्हणाल्या, त्यांनी तुझ्याशी बोलून खात्री केली!"

रोझलिन मला जे म्हणाली ते इथे लिहीत नाही, तिचा हक्क होता तो. फोन बंद झाला. मी पायरीवर हात टेकला आणि तो भाजला तरी काढला नाही. निदान ते मला जाणवत होतं.

व्हुलाचा फोन आला तेव्हा एक वाजून सहा मिनिटं झाली होती. तिनं आधी "जिवंत" म्हटलं, मग बाकीचं. माणसांना कसं सांगायचं ते तिला येतं. वैमानिकाला धुराच्या फटीतून गाडीचं छप्पर दिसलं. दोनदा पाणी सोडलं. मागून दुसरी गाडी आत शिरली. चौघेही जिवंत. एकाचे हात भाजलेत, तो डेन्झिल नाही. डेन्झिलच्या छातीत धूर गेलाय, तो खोकतोय आणि शिव्या देतोय. "बोल त्याच्याशी," ती म्हणाली, आणि काहीतरी खरखरलं आणि मग माझ्या भावाचा आवाज आला, घासलेला, म्हाताऱ्या माणसाचा.

"ॲव्ह? लाल बटण दाबून धरलं होतं गं. वीस मिनिटं. अंगठ्याला वळ आलाय. तुझ्या म्हाताऱ्या झोपल्या होत्या की काय?"

तो थट्टाच करत होता. वीस मिनिटं तो लाल म्हणत होता आणि टेकड्यांवर त्या तिघी एकमेकींना हिरवं हिरवं म्हणून समजूत घालत होत्या. तो मला दोष देत नव्हता, त्याला माहीतच नव्हतं, आणि ते ऐकणं फार कठीण होतं. "माझी चूक होती, डेन्झिल," मी म्हटलं. "सगळी सांगीन. आधी रोझलिनला फोन कर. तू स्वतः कर. माझ्याकडून नको तिला." तो "बरं" म्हणाला आणि खोकत खोकत गेला.

मी उठले. जबड्यात मुंग्या यायला लागल्या होत्या आणि त्या मुंग्यांच्या खाली, लांबून, दात ठणकायला लागला होता. मला वाटलं होतं की भीती आता जाईल. ती गेली नाही. ती नुसती वळली आणि दुसऱ्या बाजूनं माझ्याकडे बघायला लागली. फोन पुन्हा वाजला. मर्ल आत्या. एक्क्याऐंशी वर्षांची, पहाटे उठून रेडिओ लावणारी, गावभर चांगल्या बातम्या पोचवणारी माझी आत्या.

"सापडला ना गं? रोझलिनचा फोन लागत नाहीये. आता बाहेर आला म्हणतायत, पण मघाशी तर ठीक होता म्हणाले. मग हे मधलं काय?"

"मघाशी कुणालाच काही माहीत नव्हतं, आत्या. मी एक म्हटलं, तेच तुझ्याकडून फिरून आलं."

"असं कसं? इतक्या जणांनी सांगितलं."

"इतके जण नव्हते. मी एकटीच होते." मी भिंतीला पाठ टेकली. डावा ओठ आता मला कळत होता. "आत्या, बाबा गेले त्या दिवशी. आईनं तुला सांगितलं ना, की जोरीची बोट टोकापाशी दिसली म्हणून? ती मी पाहिली नव्हती. मी बहुतेक म्हटलं होतं. मला काहीतरी पांढरं दिसलं होतं."

पलीकडे आत्याच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. ते तेव्हाही त्याच भिंतीवर होतं. मग तिनं विचारलं, रागानं नाही, पंचेचाळीस वर्षं एका जागी ठेवलेली वस्तू अचानक तिथे सापडू नये तशा आवाजात विचारलं.

"मग कुणी पाहिली होती गं?"

"कुणीच नाही, आत्या."